नीरेच्या खोऱ्यातून सावित्रीकडे, सावित्रीकडून कृष्णेकडे: तीन दिवसांची घाटवाट रोड सायकलवर कशी पार करावी

पुणे, भोर, वरंधा घाट, महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, पाचगणी, वाई. या वळशाला निघणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्या दिवशी दुपारी आंबेनळीत सायकल ढकलताना दिसतात. पाय कमजोर असतात म्हणून असं होत नाही. घाट बहुतेक वेळा पायथ्याच्या आधीच हातचा गेलेला असतो. आदल्या दिवशी नीरेच्या खोऱ्यात दामटलेला वेग, चुकीची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच), उशिरा केलेली सुरुवात, किलोमीटर पाहून केलेलं नियोजन, अशी त्याची कारणं असतात. म्हणून पुढे तयारीवर आणि क्रमावर जास्त लिहिलं आहे. पेडल मारणं तुम्हाला येतंच.

१. आधी दिशा ठरवा

हा वळसा उलटाही करता येतो: आधी वाई, मग महाबळेश्वर, आंबेनळीने खाली, शेवटी वरंध्याने वर. पहिल्यांदा जात असाल तर उलटा करू नका. त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण डोंगराच्या ठेवणीत आहे. सह्याद्री पूर्वेकडे हळूहळू उतरतो आणि पश्चिमेला कोकणात एकदम कोसळतो. भोरहून वरंध्याच्या माथ्याकडे जाताना रस्ता नीरेच्या खोऱ्यातून वळत, वर-खाली होत चढतो. महाडहून तोच माथा गाठायचा तर कोकणाच्या तळापासून सगळा कडा अंगावर घ्यावा लागतो. उलट्या दिशेत आंबेनळीचा लांबलचक उतार, कोकणातला उकाडा आणि वरंध्याचा उभा चढ हे सगळं लागोपाठ येतं.

दुसरं कारण उन्हाचं आहे, आणि ते फारच थोडे लोक लक्षात घेतात. आंबेनळीचा पोलादपूरकडचा भाग पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागे असतो, त्यामुळे उजाडल्यावरही बराच वेळ या उतारावर सावली राहते. सकाळी लवकर पोलादपूर सोडलं तर चढाचा मोठा भाग सावलीत होतो. तोच चढ दुपारी बारानंतर घेतला तर ऊन थेट अंगावर येतं आणि डांबराची धगही लागते.

म्हणून क्रम असा: पहिला दिवस पुणे ते महाड, दुसरा महाड ते महाबळेश्वर, तिसरा महाबळेश्वर ते वाई.

२. किलोमीटर नव्हे, चढ मोजा

दुसरा दिवस कागदावर अगदी किरकोळ दिसतो. महाड ते पोलादपूर सुमारे १८ किलोमीटर, तिथून महाबळेश्वर सुमारे ४०, एकूण साठच्या आत. "तीन तासांत पोचू" असं म्हणून लोक नऊ वाजता निघतात. पण पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर. म्हणजे या छोट्या दिवसात जवळजवळ १३०० मीटर चढायचं आहे.

वेळेचा अंदाज असा काढा. अंतर किलोमीटरमध्ये घ्या आणि २० ने भागा. एकूण चढ मीटरमध्ये घ्या आणि ४५० ने भागा. दोन्हींची बेरीज म्हणजे सायकलवरचे तास. बऱ्यापैकी सराव असलेल्या, थोडं सामान घेतलेल्या स्वारासाठी हा आडाखा चांगला चालतो. दुसऱ्या दिवसाचं गणित ५८ भागिले २०, म्हणजे जवळपास तीन तास. १३०० भागिले ४५०, म्हणजे आणखी जवळपास तीन तास. एकूण सहा तास, थांबे वेगळे.

सराव कमी असेल तर ४५० च्या जागी ३५० घ्या. आपला आकडा आधीच माहीत करून घ्यायचा असेल तर घराजवळचा एखादा चढ (पुणेकरांना सिंहगड आहेच) पूर्ण सामान लावून चढा आणि एका तासात किती मीटर वर आलात ते बघा. रिकाम्या सायकलवर मिळालेला आकडा इथे धरू नका.

तपासा: ज्या ॲपवर मार्ग आखला त्यात तो सायकलचा, डांबरी रस्त्याचा मार्ग म्हणून निवडला आहे ना? चालण्याचा पर्याय निवडला तर ॲप जवळची वाट म्हणून कच्च्या रस्त्यावर नेऊन सोडतं. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, कारण घाटांत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

३. महिना आणि वार

दिवाळीच्या आसपासपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. मार्चपासून महाड-पोलादपूरचा उकाडा सोसवत नाही.

पावसाळ्यात हा वळसा करू नये. वरंधा घाट दरडींमुळे पावसाळ्यात वारंवार वाहतुकीला बंद ठेवतात, आणि जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला आणि बंद झाला होता. पाऊस ओसरल्यावरही निघण्याआधी पुणे, रायगड आणि सातारा या तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाचे रस्ता बंद असल्याचे आदेश बघा. वरंध्यात रुंदीकरणाची कामं निघतात आणि त्या टप्प्यांत खडी पसरलेली असते. भोरमधल्या एखाद्या चहावाल्याला किंवा एसटीच्या वाहकाला विचारलं तर आजची खरी अवस्था कळते.

वार असा निवडा की तिसरा दिवस शनिवार-रविवारी येणार नाही. सुट्टीच्या दिवशी पाचगणी-वाईमधल्या पसरणी घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते, आणि तुम्ही त्याच घाटाने खाली येणार असता.

४. सायकल: आधी गिअर, मग ब्रेक

सायकल जशी दुकानातून आणली तशीच घेऊन निघतात, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

गिअरचं गणित सोपं आहे. पुढे ३४ दातांची लहान चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागे २८ दातांची सगळ्यात मोठी चकती असेल, तर मिनिटाला पेडलचे ७० फेरे मारताना वेग साधारण पावणेअकरा किलोमीटर पडतो. सहा टक्के चढावर सामानासह तो वेग तासन्‌तास टिकवणं सर्वसाधारण स्वाराला जमत नाही. मग फेरे ५० च्या खाली येतात, जोर गुडघ्यावर पडतो, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. मागे ३४ दातांची चकती असली तर त्याच ७० फेऱ्यांना वेग नऊच्या थोडा खाली येतो. पायांना हवा असलेला दिलासा तिथेच मिळतो.

म्हणून मागे ११-३२ किंवा ११-३४ कॅसेट बसवा. मोठी चकती पेलण्याइतका मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लांब आहे का, आणि चेन पुरते का, हे कारागिराकडून आधी बघून घ्या. नवी कॅसेट बसवून दुसऱ्याच दिवशी निघू नका. शंभरेक किलोमीटर चालवून केबल ताणून घेतली की गिअर मधेच उडी मारत नाहीत.

ब्रेक पॅडवर झिजेची खूण असते. निम्म्याहून जास्त झिजले असतील तर बदला. रिम ब्रेकच्या पॅडमध्ये ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले दिसले तर टोकदार वस्तूने उकरून काढा, नाहीतर ते रिम खातात. रिम ब्रेक आणि कार्बन रिम अशी जोडी असेल तर या वळशासाठी साधी ॲल्युमिनियमची चाकं मागून आणा. लांब उतारावर कार्बन रिम तापून खराब होण्याचा धोका असतो.

टायर २८ मिलिमीटरचे असावेत. टायरच्या कडेवर लिहिलेला सगळ्यात मोठा आकडा ही मर्यादा आहे, भरायचा दाब नव्हे. सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या स्वाराला पुढे ७० आणि मागे ७५ पीएसआयच्या आसपास पुरतं. दगडासारख्या टणक टायरवर वरंध्यातली खडी फार धोकादायक.

सामान पाच-सहा किलोंच्या आत, सीटमागच्या बॅगेत. पाठीवर सॅक नको, चढताना पाठ आणि मान दोन्ही जातात. दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, मल्टिटूल, चेनची क्विक लिंक आणि तुमच्या फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) हवाच. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि महाड-पोलादपूरच्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नये. पुढचा-मागचा दिवा दिवसाही लावायचा. रोख पैसे ठेवा.

५. खाणं-पाणी

तहान लागल्यावर पाणी आणि भूक लागल्यावर खाणं, हा नियम घरी ठीक आहे. चढावर मात्र भूक लागेपर्यंत उशीर झालेला असतो. पहिल्या तासापासून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की हे सगळं खिशात बसतं आणि या वाटेवरच्या गावांत मिळतं. न्याहारीला पोहे किंवा उपमा. तर्रीदार मिसळ वाईला पोचल्यावर खा. चढाआधी ती पोटात नुसती डचमळत राहते.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. कोकणाच्या बाजूला त्याहून जास्त.

सावधान: ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अख्खं पाऊण लिटरच्या बाटलीत ओतलं तर द्रावण प्रमाणापेक्षा घट्ट होतं आणि मळमळतं. एक लिटर पाणी मोजून घ्या, त्यात पाकीट कालवा आणि मग बाटल्या भरा. दुसरी बाटली साध्या पाण्याची ठेवा.

६. पहिला दिवस: नीरेच्या खोऱ्यात हात राखून

सुमारे १३० किलोमीटर. कात्रजचा पायथा सकाळी सहाला सोडा. जुन्या कात्रज घाटाने जा, महामार्गाच्या नव्या बोगद्याकडे वळू नका. पुढे शिंदेवाडी, खेड शिवापूर, चेलाडी फाटा, कापूरहोळ. या टप्प्यात जिथे सेवा रस्ता आहे तिथे तोच धरा. उड्डाणपुलावर चढण्याची काही गरज नाही. कापूरहोळला महामार्ग सोडून भोरकडे वळलात की खरी सफर सुरू होते.

भोरला पोटभर न्याहारी करा आणि दोन्ही बाटल्या भरा.

तपासा: भोर सोडायला साडेदहापेक्षा उशीर होत असेल तर तिथेच मुक्काम करा. पुढे ऐंशीएक किलोमीटर आहेत आणि हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. वरंध्याचा उतार अंधारात उतरायचा नाही.

भोरच्या पुढे नीरा-देवघर धरणाचं पाणी रस्त्याला सोबत करतं. वाट फार सुंदर आहे आणि तिथेच लोक फसतात. सलग चढ दिसत नाही, म्हणून मोठ्या गिअरवर जोर लावत राहतात. प्रत्यक्षात रस्ता छोट्या-छोट्या चढ-उतारांनी वर जात असतो, आणि प्रत्येक टेकाडावर उभं राहून मारलेला जोर संध्याकाळपर्यंत पाय रिकामे करतो. इथे नियम एकच: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच जोराने चालवा. धाप लागून शब्द तुटले की एक गिअर खाली. हिर्डोशीच्या परिसरात जे काही खायला मिळेल ते खा, पुढे वस्ती विरळ होते.

वरंधा घाटातल्या वाघजाई मंदिरापाशी भजी-चहाच्या टपऱ्या आहेत. थांबा, पण खाऊ सायकलला उघडा टांगून ठेवू नका. माकडं धीट आहेत.

७. उतार: वरंध्याआधी हे वाचा

वाघजाईला थांबलात की सायकलवर परत बसण्याआधी तीन गोष्टी करा. पुढचा-मागचा ब्रेक जागच्या जागी दाबून बघा, चाकांचे क्विक रिलीज किंवा एक्सल घट्ट आहेत का बघा, जॅकेटची चेन लावा.

उतारावर सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे भीतीपोटी दोन्ही ब्रेक सतत हलके धरून ठेवणं. वाटतं सुरक्षित, पण होतं उलटं. हिशोब करून बघा. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरले, तर पाचगणीहून वाईला उतरताना, म्हणजे सुमारे ५७० मीटर खाली येताना, जवळपास ४७५ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. दीड लिटर गार पाणी उकळायला ती पुरेल. सरळ रस्त्यावर सायकल मोकळी सोडली तर तिचा मोठा वाटा वारा खातो. सतत ब्रेक धरून सावकाश उतरलात तर जवळजवळ सगळी रिमवर किंवा डिस्कवर येते आणि त्यांना गार व्हायला क्षणही मिळत नाही. तापलेली रिम आतल्या ट्यूबचा दाबही वाढवते.

म्हणून असं करा. सरळ भागात, वळणाच्या बऱ्याच आधी, दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग पाडा आणि सोडा. वळणात ब्रेक मोकळे. हात हँडलच्या खाली वळलेल्या भागावर (ड्रॉपवर) ठेवा, तिथून ब्रेकवर जोर नीट येतो. वजन थोडं मागे, बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि त्याच्यावर भार. नजर वळणातून बाहेर पडायच्या जागेवर ठेवा, समोरच्या खड्ड्यावर खिळू देऊ नका.

सावधान: अरुंद वळणावर वर येणाऱ्या एसटीला पूर्ण रस्ता लागतो. चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ देणं हा घाटाचा नियमही आहे. दिसल्याबरोबर कडेला थांबा. दरीकडच्या कठड्याला टेकून नव्हे, डोंगराच्या अंगाला.

खडी दिसली तर खडीवर शिरण्याआधीच वेग कमी करा. खडीवर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं. हात दुखायला लागले तर सपाट जागा बघून थांबा. दुखऱ्या बोटांनी ब्रेक उशिरा लागतो. थांबल्यावर डिस्कला बोट लावू नका, चटका बसतो.

घाट संपला की माझेरी, वरंध, बिरवाडी करत महाड. रात्री पाय ताणून मोकळे करा, भात-आमटी पोटभर खा, लवकर झोपा.

८. दुसरा दिवस: आंबेनळी

महाड ते पोलादपूर हा मुंबई-गोवा महामार्गाचा तुकडा आहे. अवजड वाहनं बरीच. पहिल्या उजेडाला निघा, मागचा दिवा लावा, एका रांगेत चाला. पोलादपूरला डावीकडे महाबळेश्वर फाटा. वळण्याआधी बाजारात न्याहारी आणि पाणी.

पोलादपूरनंतर सुरुवातीला रस्ता सावित्रीच्या खोऱ्यातून जातो आणि चढ सौम्य असतो. हा भाग जोरात काढायचा मोह होतो. काढू नका. पुढच्या चढाची शिदोरी इथेच जपायची आहे. कापडे गाव मागे पडल्यावर घाट अंगावर यायला लागतो. सगळ्यात हलका गिअर शेवटच्या संकटासाठी राखून ठेवायची सवय अनेकांना असते. ती सोडा आणि घाट लागल्याबरोबर हलक्या गिअरवर या. फेरे ६५ ते ७५ च्या दरम्यान राहू द्या. बसूनच चढा. पाठ आखडली तर वीस-तीस पेडलं उभं राहून मारा आणि परत बसा.

नागमोडी वळणांवर आतली बाजू उभी असते आणि बाहेरची सपाट. चढताना समोरून काही येत नसेल आणि वळणापलीकडचं दिसत असेल तरच थोडं बाहेरून जा. दिसत नसेल तर आपली डावी बाजू सोडू नका.

दर वीस मिनिटांनी दोन घोट आणि एक घास. घड्याळाला गजर लावा, कारण चढावर हे हमखास विसरतं.

साधारण निम्मं अंतर झालं की प्रतापगड फाटा आणि कुंभरोशी येतं. इथे सावित्रीचं खोरं मागे पडतं आणि तुम्ही कोयनेच्या खोऱ्यात शिरता. इथे सावलीत वीस मिनिटं बसा, खा, बाटल्या भरा. गड बघायचा मोह आवरा, तिकडे आणखी चढ आहे आणि ऊन चढत असतं. चाळीस मिनिटांहून जास्त बसलात तर पाय गार पडतात. मेटतळ्याकडून महाबळेश्वरापर्यंतचा उरलेला चढ दाट झाडीतून आहे.

तपासा: कुंभरोशीला डोकं दुखत असेल, घाम येणं थांबलं असेल किंवा अंगावर काटा येत असेल तर चढ तिथेच थांबवा. सावली, पाणी, ओले कपडे मानेवर, आणि पुढे गाडीने.

महाबळेश्वरला पोचल्याबरोबर कोरडे कपडे घाला. घामाने भिजलेल्या अंगाला हिवाळ्यातली तिथली हवा पटकन बाधते.

९. तिसरा दिवस: कृष्णेच्या खोऱ्यात

धुकं असेल तर ते विरेपर्यंत निघू नका. साडेसात-आठला निघालं तरी पुरतं, वाई सुमारे ३२ किलोमीटरच आहे. वेण्णा लेकपासून पाचगणीपर्यंत स्ट्रॉबेरीच्या टपऱ्यांपाशी गाड्या इशारा न देता थांबतात आणि दारं उघडतात. उभ्या गाडीपासून हातभर अंतर ठेवून जा. पाचगणीला ब्रेक पुन्हा तपासा, दोन घाटांनंतर केबल सैल झालेली असते. मग पसरणी घाट, वर सांगितल्याप्रमाणे, आणि खाली कृष्णाकाठी वाई.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी सायकल वाईतच थांबवावी आणि टेम्पो किंवा घरची गाडी बोलवावी. सुरूरहून महामार्गाने पुण्याला परतणारी वाट खंबाटकीच्या बोगद्यातून जाते. सायकल घेऊन बोगद्यात शिरू नये. ज्यांना सायकलनेच परतायचं आहे त्यांनी वाईला एक मुक्काम करून पहाटे मांढरदेवीचा घाट चढावा आणि आंबाडखिंड घाटाने भोरला उतरावं. चढ दमवणारा आहे, पण वाहतूक महामार्गापेक्षा खूपच कमी. फक्त पौष पौर्णिमेच्या आसपास काळूबाईची यात्रा असते. त्या दिवसांत हा रस्ता माणसांनी भरलेला असतो, तेव्हा सायकल घेऊन तिकडे जाऊ नका.